वीज वाचवण्यासाठी

दर अकरा मिनिटांनी नेट जायचं.
घड्याळ लावून मोजलं होतं मी.
कधी बारा, पण दहाच्या आत कधीच नाही.
बिघाडालाही त्याची शिस्त होती.

वीस तारीख उद्यावर,
सराफ्यातल्या तीन दुकानांचे रिटर्न भरायचे,
आणि जेल रोडच्या लोकेंद्रने लॅपटॉप उलटा करून
नुसती फुंकर मारली.
"कार्ड ही गया, दीदी. अठारह सौ."
त्याच्या पाठीमागे मेलेल्या मदरबोर्डांची चळत.
मी म्हटलं, सोचती हूँ,
आणि बस पकडून लोकमान्य नगरला परत आले.

रात्री डिव्हाइस मॅनेजर उघडला.
नेटवर्क कार्डाच्या नावाला चिकटून
पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह.
शाळेत बाई समासात असंच काढायच्या
आणि काय चुकलंय ते लिहायच्या नाहीत.

ड्रायव्हर म्हणजे चालवणारा नव्हे,
हे मला त्या रात्री कळलं.
तो मधला माणूस.
ह्याचं त्याला सांगायचं, त्याचं ह्याला,
आणि कुणाच्याच घरी जेवायचं नाही.

त्याला काढून टाकला.
आता नवा आणायचा तर नेट हवं,
नेट हवं तर नवा हवा.
बादली विहिरीत
आणि दोर बादलीत.

शेवटी फोन वायरीने जोडला.
एक्केचाळीस एमबी, थेंब थेंब,
पलीकडच्या खोलीतल्या बाबांच्या घोरण्याच्या लयीत.
त्रिकोण गेला.
रात्री दीड वाजता मी स्वतःपुरता चहा टाकला.
तो गाळेपर्यंत
नेटही गेलं.

जुना ड्रायव्हर परत घातला. तेच.
राउटर स्टुलावरून कपाटावर. तेच.
मग, कंटाळा आला म्हणूनच खरं तर,
कार्डाच्या गुणधर्मांचं शेवटचं पान उघडलं,
जिथे कुणी जात नाही.
एक बारीक चौकट. त्यात बरोबरची खूण.
वीज वाचवण्यासाठी
संगणकाला हे उपकरण बंद करू द्यावे.

कुणी दिली ही परवानगी? मी नाही.
कारखान्यातूनच अशी आलेली.
कार्ड धडधाकट होतं.
जरा शांतता झाली की
हळूच त्याचा दिवा मालवत होतं कुणीतरी.

आमचे बाबा छत्तीस वर्षं विद्युत मंडळात,
पोलोग्राउंडच्या ऑफिसात.
मी अंग पुसत असतानाच गीझर बंद.
जिन्यातला दिवा बंद.
"कशाला जळून राहिलाय उगीच?"
जेवताना मी काहीबाही सांगते,
ते मान हलवतात, ठरावीक वेळाने.
मला वाटायचं, कान आणखी गेले.
डॉक्टर म्हणाले, मशीन बदला, चाळीस हजार.
मी म्हटलं होतं, बघते.

खूण काढली. ओके.
अकरा मिनिटं. बारा. वीस.
पहाटे चारला तिसऱ्या दुकानाचा रिटर्न गेला
आणि मी तशीच बसून राहिले,
नेट जाईल म्हणून.

सकाळी बाबा चहाला आले.
मी काही न विचारता त्यांच्या कानामागे बोट नेलं.
मशीन जागेवर.
सेलचं झाकण मात्र नखभर उघडं.
"हे कधीपासून, बाबा?"
त्यांनी माझे ओठ वाचले.
"तू लॅपटॉपवर असतेस. कोण बोलून राहिलंय घरात?
एक सेल पंचेचाळीसला येतो."

मी झाकण दाबलं.
बारीक शिट्टी वाजली.
खाली कचऱ्याची गाडी गात गात वळणावर आली,
कुकरने वाफ धरली, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली.
बाबा दचकले, कपातला चहा बशीत.

"अगं, केवढ्याने बोलून राहिलीस!"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.